गारठलेल्या माशाला ऊब द्यायची, पण बेतानं

बेळगाव-खानापूर पट्ट्यात डासांच्या अळ्या खायला विहिरीत, हौदात गप्पी मासे सोडतात. डिसेंबरच्या पहाटे जांबोटीकडं धुकं उतरलेलं असतं, माणसं शेकोटी सोडून उठत नाहीत आणि विहिरीतला गप्पी खुशाल पोहत असतो. त्याचाच भाऊबंद शहापुरातल्या एखाद्या घरात, बंद खिडक्यांच्या खोलीत, काचेच्या टँकमध्ये त्याच रात्री आडवा पडतो. घरातले म्हणतात, थंडीनं गेला. मग विहिरीतला का नाही गेला?

विहिरीत लाखो लिटर पाणी असतं आणि त्याला सगळ्या बाजूंनी जमिनीची ऊब असते. थोड्या खोलीवर गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. त्यामुळं विहिरीचं पाणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत अगदी सावकाश गार होतं. घरातल्या टँकमध्ये चाळीस-पन्नास लिटर पाणी आणि चारही बाजूंना नुसती काच. रात्री अकराला लाइट गेली, हीटर बंद पडला, की पहाटेपर्यंत तोच टँक कित्येक अंश खाली येऊ शकतो. पाच लिटरच्या गोल भांड्यातला फायटर मासा असेल तर त्याहून लवकर, कारण पाणी जितकं कमी, तितका त्याच्या मानानं उघडा पृष्ठभाग जास्त. पाणी किती गार झालं हे महत्त्वाचं आहेच, पण ते किती वेळात गार झालं यावर माशाचं जगणं जास्त ठरतं. त्याला परत उबेत आणतानाही हाच हिशेब लागतो, आणि नेमका तिथंच बहुतेकांचा घात होतो.

माशाच्या अंगात काय बिघडतं

आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि अंग स्वतःची ऊब राखतं. ट्यूनासारखे काही समुद्री मासे सोडले तर माशाकडं ही सोय नाही. पाणी १८ अंशांवर आलं की थोड्याच वेळात मासाही १८ अंशांवर. अंगातल्या रासायनिक क्रिया त्याबरोबर मंदावतात. ढोबळमानानं दहा अंश उतरले की माशाच्या शरीराचा कारभार निम्म्या वेगानं चालतो. पचन, श्वास, मज्जातंतूंचे निरोप, सगळंच.

पण नुसतं मंद होणं तेवढं घातक नसतं. खरी अडचण पेशींच्या आवरणात होते. आपल्याकडं डिसेंबरात तुपाची बरणी सकाळी चमच्याला दाद देत नाही, शेजारचं शेंगतेल मात्र वाहत असतं. पेशीचं आवरणही स्निग्ध पदार्थांचं बनलेलं असतं आणि अचानक गार पडलं की ते थिजल्यासारखं ताठ होतं. त्यात रोवलेले पंप आणि दारं अडखळतात, मज्जातंतू आणि स्नायू नीट चालत नाहीत, माशाचा तोल जातो, तो एका कुशीवर पडतो. थंडी हळूहळू वाढली तर हाच मासा आवरणातला तुपासारखा भाग कमी करून तेलासारखा वाढवतो. मात्र या बदलाला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. विहिरीतल्या गप्पीला कार्तिकापासून तो वेळ मिळालेला असतो. टँकमधल्याला एक रात्र मिळते.

दुसरी गोष्ट मिठाची. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळं कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरत असतं आणि क्षार बाहेर झिरपत असतात. मासा आत आलेलं पाणी पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींच्या जोरावर क्षार परत आत ओढतो. हे ओढण्याचं काम अंगातली ऊर्जा खातं. गारठ्यात ओढणं मंदावतं, झिरपणं मात्र त्या मानानं कमी होत नाही. तासागणिक रक्तातले क्षार उतरत जातात. पुढं उपचारात मीठ का येतं, त्याचं कारण हेच.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त फसवी आहे. अचानक गारठा बसला की माशाच्या रक्तात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि रोगाशी लढणारी यंत्रणा ढेपाळते. पाणी परत उबदार झालं तरी ती लगेच उठून बसत नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी, सगळं निभावलं असं वाटत असताना मासा जातो आणि लोक फीडला किंवा पाण्याला दोष देतात.

पाणी गार पडतं कुठून

लाइट जाणं हे उघड कारण झालं. माझ्या मते त्याहून जास्त मासे रविवारी सकाळच्या पाणी बदलण्यात गारठतात. हिशेब करून बघा. टँकमध्ये ५० लिटर पाणी २६ अंशांवर आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हिवाळ्यात पहाटे १६-१७ अंशांपर्यंत उतरलेलं असतं. उत्साहाच्या भरात निम्मं पाणी बदललं तर टँक पाच मिनिटांत साडेएकवीस अंशांवर येतो. पाव हिस्सा बदलला तरी सव्वादोन अंशांची घसरण होते. रात्रभरात कित्येक अंश उतरणं वाईट आहे, पण पाच मिनिटांत साडेचार अंश हा सरळ धक्का आहे.

बोअरचं पाणी इथं कामाला येतं. ते खोलातून येतं, त्यामुळं थंडीतही चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असतं. मात्र जमिनीतून नुकत्याच आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. ते बादलीत काढून तासभर एअर पंपाचा दगड त्यात बुडवून ठेवायचा, मग वापरायचं. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतं. ते काढायला पाणी रात्रभर उघडं ठेवण्याची पद्धत आहे आणि गंमत म्हणजे त्या रात्रीतच ते गार पडतं. दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब वापरले तर सकाळी पाणी भरून, त्यात जरा गरम पाणी मिसळून, थर्मामीटर लावून लगेच टाकता येतं. हाताला कोमट लागलं म्हणजे झालं असं समजू नका. आपला हात थंडीत बावीस अंशांचं पाणीही ऊबदार म्हणून पास करतो.

कोल्हापूर-पुण्याहून रात्रीच्या गाडीनं पिशवीतून मासे आणणारे बरेच आहेत. डिकीत ठेवलेली प्लास्टिकची पिशवी सकाळी बेळगावात पोचेपर्यंत बर्फासारखी गार झालेली असते. ती थर्मोकोलच्या खोक्यात आणि गाडीच्या आत, पायांपाशी ठेवायची. घरी आल्यावर पिशवी अर्धा तास टँकवर तरंगू द्यायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण पिशवी फारच गार असेल तर अर्धा तास पुरत नाही. थर्मामीटर पिशवीतही बुडवून बघा. दोन्हींत एक-दोन अंशांचाच फरक उरला की मग मासा सोडा.

उरलेलं कारण म्हणजे हीटर. कधी त्याचा थर्मोस्टॅट अडकतो. बहुतेक वेळा मात्र कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला हीटरची पिन काढलेली असते.

पहिल्या तासात काय करायचं

“काका, मासा आडवा पडलाय की ओ, पण कल्ला हालतोय.” गल्लीतलं एखादं पोर असं सांगत आलं तर पहिला प्रश्न विचारायचा, पाणी किती अंशांवर आहे? थर्मामीटर नसेल तर आधी आणायला पाठवायचं. काचेवर बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी असते, तिच्यावर फार विसंबू नका. ती निम्मी खोलीचं तापमान सांगते. पाण्यात बुडणारा साधा काचेचा किंवा वायरवाला डिजिटल घ्या.

मग माशाकडं नीट बघा. गारठलेला फायटर बहुधा तळाशी, हीटरच्या मागं किंवा एखाद्या पानावर टेकलेला असतो. पर मिटून अंगाला चिकटलेले असतात. निळा मासा राखी दिसू लागतो. जवळ बोट नेलं तर एरवी फणफणत येणारा हा मासा नुसता डोळा फिरवतो. कल्ल्याच्या झाकणाची उघडझाप बघा, सावकाश पण एका लयीत चालू असेल तर आशा आहे. गार पाण्यात श्वास मंद असणं स्वाभाविक आहे. मासा उलटा तरंगतोय म्हणून मेला समजून टाकून देऊ नका. कल्ला हलतोय तोवर तो जिवंत आहे, आणि अशा अवस्थेतून परत आलेले मासे बरेच आहेत.

त्याला आहे त्या पाण्यातच राहू द्या. पकडून ‘चांगल्या’ कोमट पाण्यात टाकायचा मोह अनावर होतो, पण तो टाळा. १८ अंशांवरून २६ अंशांच्या भांड्यात उडी म्हणजे एका धक्क्यावर दुसरा धक्का. टँक फुटलाय, गळतोय, अशा कारणानं हलवावंच लागलं तर दुसऱ्या भांड्यातलं पाणी आत्ताच्या गार पाण्याइतकंच गार हवं. ऊब द्यायची ती नंतर, तिथं गेल्यावर. टँकचा दिवा बंद करा, मुलांना बाजूला घ्या, काचेवर टकटक करू देऊ नका.

एअर पंप मात्र लगेच वाढवा. इथं लोक गोंधळतात. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, मग हवा कशाला? खरं आहे, १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागं साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर २८ अंशांच्या पाण्यात पावणेआठच्या आसपास. पण आपण आता पाणी गरम करायला निघालोय. पाणी गरम होताना ऑक्सिजन बाहेर पडत जातो आणि त्याच वेळी माशाचं अंग जागं होऊन जास्त ऑक्सिजन मागू लागतं. पुरवठा घटतोय आणि मागणी वाढतेय, अशा वेळी हवा कमी पडली तर मासा ऊब मिळत असतानाच गुदमरतो.

वाढवायचं किती आणि कशानं

साधारण नियम असा की तासाला एक अंश. मासा अगदीच कुशीवर पडला असेल तर पहिल्या तासात दोन अंश वाढवायला हरकत नाही, पुढं मात्र एकेक. पाणी बदलताना झालेला धक्का ताजा असेल, म्हणजे अर्ध्या तासापूर्वीच पाणी ओतलेलं असेल, तर दीड-दोन तासांत मूळ जागी आणलं तरी चालतं, कारण माशाचं अंग अजून त्या गारठ्यात रुळलेलं नसतं. रात्रभर गारठलेल्या माशाच्या बाबतीत मी पूर्ण २६ गाठायची घाई करणार नाही. १८ वर सापडला असेल तर पहिल्या दिवशी २३-२४ पुरे, उरलेलं दुसऱ्या दिवशी.

यातली एक सोयीची गोष्ट अशी की नीट निवडलेला हीटर आपोआपच बेतानं गरम करतो. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. लिटरमागं एक वॉट हा हीटर घेण्याचा रूढ हिशेब. म्हणजे ५० लिटरला ५० वॉटचा हीटर असेल तर एक अंश चढायला जवळजवळ ७० मिनिटं लागतात, आणि काचेतून जाणारी ऊब धरली तर आणखी थोडी जास्त. हेच हवंय आपल्याला. १०० वॉटचा असेल तर ३५ मिनिटांत एक अंश. तेव्हा त्याची चकती एकदम २६ वर न नेता आधी आत्ताच्या तापमानापेक्षा दोन अंश वर लावायची आणि मग पुढं सरकवत न्यायची.

आता अंघोळीच्या पाण्याची कॉइल घ्या. ती एक हजार ते दीड हजार वॉटची असते. ५० लिटरच्या टँकमध्ये हजार वॉटची कॉइल साडेतीन मिनिटांत एक अंश चढवेल, आठ अंश अर्ध्या तासाच्या आत. तिच्या आजूबाजूचं पाणी तर त्याहून कितीतरी तापलेलं असेल. वर करंट पाण्यात उतरण्याची भीती वेगळीच. ती टँकमध्ये घालू नये, कुणी कितीही सांगितलं तरी.

बंबातलं पाणीही नको. आपल्याकडं अजून बऱ्याच घरांत तांब्याचा बंब आहे, आणि त्यात तापलेल्या पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही माशांच्या कल्ल्यांना आणि टँकमधल्या कोळंबी-गोगलगायींना सोसत नाही. पाणी स्टीलच्या पातेल्यात तापवा. सगळ्यात सुरक्षित युक्ती म्हणजे बाटली. लिटरभराच्या स्वच्छ बाटलीत हाताला चटका बसेल इतकं, ५५-६० अंशांचं पाणी भरून बूच घट्ट लावायचं आणि ती टँकमध्ये तरंगत सोडायची. टँक काठोकाठ भरलेला असेल तर आधी तांब्याभर पाणी काढून घ्या. अशी एक बाटली निवेपर्यंत ५० लिटर पाण्याला पाऊण अंशाच्या आसपास ऊब देते. तासाला एक बाटली पुरते. पाण्यात बाहेरचं काही मिसळत नाही, हिशेब आपल्या हातात राहतो, लाइट नसली तरी गॅसवर काम होतं. उकळतं पाणी भरू नका, बाटली चुरमुडते.

हीटर पाण्यातून वर उघडा पडला असेल आणि चालू असेल तर आधी पिन काढा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेल्या काचेच्या नळीला गार पाणी लागलं की ती तडकते. तडकलेला हीटर परत वापरायचा नाही, चिकटवून तर नाहीच.

खाऊ घालायची घाई

मासा जरा हलायला लागला की घरातलं कुणीतरी फीडची डबी उघडतं. “रात्रभर उपाशी आहे बिचारा.” थांबवा त्यांना. गारठ्यात आतडं जवळजवळ थांबलेलं असतं. त्यात पडलेलं फीड पचत नाही, कुजतं, पोट फुगतं. न खाल्लेलं तळाशी सडतं. पाणी मूळ तापमानाला येऊन मासा स्वतः फिरू लागला की त्यानंतर चोवीस तासांनी चिमूटभर द्या, तेही एक-दोन मिनिटांत संपेल इतकंच. तंदुरुस्त मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. माशांवरच्या मायेनं जितके मासे मरतात तितके भुकेनं मरत नसावेत.

मीठ द्यायचं असेल तर साधं जाडं मीठ, लिटरमागं एक ग्रॅम. ५० लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे आठ-नऊ सपाट चमचे. टँकचंच पाणी मगात घेऊन त्यात ते पूर्ण विरघळवायचं आणि दोन-तीन तासांत थोडं थोडं करून ओतायचं. पाण्यातला आणि रक्तातला फरक कमी झाला की क्षारांचं झिरपणं कमी होतं, माशाची तेवढी मेहनत वाचते. कोरिडोरास, लोच अशा खवले नसलेल्या किंवा नाजूक माशांना आणि जिवंत झाडांना मीठ फारसं मानवत नाही, तिथं निम्मं करा किंवा सोडून द्या. आठवड्यानं नेहमीसारखं पाणी बदलत गेलं की मीठ आपोआप निघून जातं.

औषधाचं मात्र थांबा. दुकानात विचारलं की मिथिलीन ब्लूची निळी बाटली हातात पडते, कुणी पिवळी कॅप्सूल फोडून टाकायला सांगतं, कुणी हळद. रोगच नाही तर औषध कशावर चालणार? उलट निळं औषध आणि प्रतिजैविकं फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतात, आणि आत्ता त्या जिवाणूंची कधी नव्हे इतकी गरज असते.

जगला, पण अजून सुटला नाही

माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया सतत येत असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये, खड्यांत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानानं निरुपद्रवी नायट्रेट करतात. गारठ्यात हे जिवाणूही मंदावतात. लाइट गेली असेल तर पंप थांबलेला, फिल्टरमधलं पाणी साचलेलं, आतला ऑक्सिजन संपत आलेला. तासन्‌तास असं राहिलं तर जिवाणू मरायला लागतात. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल तर लाइट आल्या आल्या तो सरळ सुरू करू नका. आतलं कुबट पाणी बाहेर ओता, टँकच्या पाण्यात स्पंज हलकेच विसळा, मग लावा.

यापुढचा भाग थोडा किचकट आहे, पण एवढ्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक फारसं त्रास न देणारं, दुसरं कल्ल्यांतून आत शिरून विष होणारं. कुठलं किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, आणि तापमानावर ठरतं. सामू तोच असताना पाणी १५ वरून २५ अंशांवर नेलं की विषारी रूपाचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. सामू ८ असेल तर १५ अंशांवर एकूण अमोनियापैकी पावणेतीन टक्क्यांच्या आसपास भाग विषारी असतो, २५ अंशांवर साडेपाच टक्क्यांच्या जवळ. बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं, त्यामुळं आपल्याकडच्या टँकांना हे जास्त लागू पडतं. म्हणजे रात्रभर साठलेला अमोनिया गार पाण्यात दबून असतो आणि आपण प्रेमानं ऊब देतो तेव्हा तो दात दाखवतो. दुपारी मासा वर येऊन भराभर कल्ले मारू लागला, कल्ले लालसर दिसू लागले, तर त्याला थंडी कारण नसते. अशा वेळी त्याच तापमानाचं पाणी घेऊन पाव टँक बदला. अमोनिया तपासायचं किट जवळ असेल तर पहिले चार-पाच दिवस रोज बघा. नसेल तर दिवसाआड पाव टँक बदलत राहा, दर वेळी थर्मामीटर लावून.

मग पांढरे ठिपके. माशाच्या अंगावर, परांवर रवा चिकटल्यागत बारीक दाणे आले तर तो ‘इक’ नावाचा परजीवी. गारठलेल्या माशावर तो हमखास डाव साधतो. ठिपका दिसतो तेव्हा तो कातडीच्या आत असतो, तिथं औषध पोचत नाही. पूर्ण वाढला की तो मासा सोडून तळाशी जातो, कोश करतो, आणि त्या एकाचे शेकडो होऊन पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतात. औषधाला किंवा मिठाला ते सापडतात ते याच पोहण्याच्या काळात. २५ अंशांवर हा सगळा फेरा चार ते सहा दिवसांत होतो, १५ अंशांवर दोन आठवड्यांच्या घरात जातो. म्हणून ठिपके गळाले म्हणून दुसऱ्या दिवशी औषध बंद करण्यात अर्थ नाही. २६ अंशांच्या टँकमध्ये दहा-बारा दिवस तरी चालू ठेवावं लागतं. आणि म्हणूनच धक्का बसल्यापासून पंधरा दिवस रोज सकाळी दिवा लावल्यावर पर निरखून बघायचे. कापसासारखा पांढरा झुपका दिसला तर ती बुरशी. ती बहुधा जखमेवर, परांच्या कडेला येते. त्या माशाला वेगळ्या भांड्यात, त्याच तापमानाच्या पाण्यात घेऊन निळं औषध द्या. तिथं ती बाटली कामाची.

सगळ्यांची थंडी सारखी नसते

गोल्डफिश आणि कोई हे मुळात गार पाण्यातले. १८ अंश त्यांना सुखाचे. त्यांच्या टँकला बेळगावात हीटरची गरज नाही, फक्त पाणी बदलताना अचानक फरक पडू देऊ नका. गप्पी, प्लॅटी बरेच चिवट असतात, पण हळू गार होणाऱ्या पाण्यात. फायटर, एंजल, निऑन यांना २४ ते २७ ठेवावं. डिस्कसला २८ च्या खाली करमत नाही. त्यामुळं गोल्डफिश आणि फायटर एकाच टँकमध्ये ठेवून ‘मधलं’ तापमान शोधणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की दोघांपैकी एक कायम दुःखी राहणार. फायटर आणि गुरामी वर येऊन हवेचा घोटही घेतात. खोलीतली हवा गार असेल तर टँकवर झाकण हवंच, म्हणजे पाण्यावरचा थर उबदार राहतो.

झाकणाचा दुसरा फायदा त्याहून मोठा. टँकची ऊब बाष्पीभवनातून फार जाते. ५० लिटरच्या टँकमधून फुलपात्राच्या निम्मं, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी उडालं तर पाण्याचं तापमान एक अंशाहून थोडं जास्त उतरेल इतकी ऊब त्याबरोबर जाते. काचेचं झाकण, तेही नसेल तर प्लास्टिकचा कागद, हवेला फट ठेवून. टँकखाली थर्मोकोलचा पत्रा, मागच्या आणि बाजूच्या काचांना थर्मोकोल. रात्री लाइट जायची लक्षणं दिसली की वर वाकळ किंवा घोंगडी टाकायची, फक्त टोक पाण्यात बुडायला नको, नाहीतर ते पाणी शोषून जमिनीवर ओतत राहतं. सेलवर चालणारा छोटा एअर पंप स्वस्तात मिळतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंप आधी लावा, हीटर नंतर. पंपाला तीन-चार वॉट लागतात, हीटर पन्नास-शंभर खातो. बॅटरी मर्यादित असेल तर ऊब वाकळीनं राखता येते, हवा वाकळीनं देता येत नाही.

अंगणात सिमेंटच्या टाकीत किंवा कापलेल्या ड्रममध्ये मासे पाळणाऱ्यांचा धोका थंडीतच संपत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी टाकी तापून तिशी ओलांडते आणि चारला वळीव येतो, कधी गारांसकट. शून्य अंशाची किलोभर गार वितळून टाकीच्या पाण्याइतकी होईपर्यंत १०० लिटर पाण्याला एक अंशाहून जास्त गार करते. पाचेक किलो गारा पडल्या तर हिशेब तुम्हीच करा. ढग भरून आले की टाकीवर पत्रा ओढा. टाकी निम्मी तरी जमिनीत पुरलेली असेल आणि दोन-अडीच फूट खोल असेल तर मासे स्वतःच खाली जाऊन बसतात. मलप्रभेच्या डोहातले मासेही हिवाळ्यात असेच खोलात उतरतात.

नवे मासे आणायचे असतील तर गारठलेल्या टँकमध्ये महिनाभर तरी आणू नका. जुन्यांची ताकद परत आलेली नसते, फिल्टर अजून सावरत असतो, आणि थंडीच्या दिवसांत दुकानातला मासाही बहुतेक वेळा एक गार प्रवास सोसूनच आलेला असतो. मेलेल्या माशाची जागा मोकळी दिसते म्हणून मुलं हट्ट करतील. त्यांना तोवर रोज सकाळी थर्मामीटर वाचून वहीत लिहायचं काम द्या.